ह्यांच्या आवाजाला परवानगी नाही

माझ्या नवऱ्याची वाचा गेली तेव्हा ओळखीतल्या काही लोकांना मनापासून वाईट वाटलं. उरलेल्यांच्या तोंडावर मात्र मला स्पष्ट दिसत होतं, की त्यांना आतून जरा हलकंच वाटतंय. कारण हे फार बोलायचे. हैदराबादेत चिक्कडपल्लीला आमचं नळांचं आणि बाथरूमच्या सामानाचं दुकान होतं. गिऱ्हाईक साधा वॉशर घ्यायला आलं तरी चहा पिऊन, स्वतःच्या घरातलं भांडण सांगून आणि ह्यांचा त्यावरचा निकाल ऐकूनच जायचं. तेलुगू माणसाशी तेलुगू, जुन्या शहरातून येणाऱ्या मिस्त्रींशी दखनी, घरी मराठी. ती मराठीही अशी, की पुण्याच्या माणसाने ऐकली तर आधी गोंधळावं आणि मग हसावं. "हौ, येतो की." "दिमाग नक्को खाऊ." "जरा ठैर, लई परेशान करतेस." आमचे आजे-पणजे निजामाच्या काळात नांदेडकडून इकडे सरकले ते इथलेच झाले. वाटेत जे शब्द भेटले ते त्यांनी घरात घेतले, कुणाला विचारत बसले नाहीत.

एका सकाळी दुकानातच ह्यांचं तोंड वाकडं झालं. हातातला पाइप खाली पडला. हॉस्पिटलात न्यायला उशीर झाला नाही, त्यामुळे हात परत आला, पायही बराचसा आला. बोलणं आलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं की ह्यांना सगळं समजतं, काय बोलायचंय तेही डोक्यात असतं, पण शब्द तोंडापर्यंत येत नाही. एकच आवाज शिल्लक राहिला होता, "ता". पाणी हवं तर ता, पंखा बंद कर तर ता, राग आला तर ता-ता-ता. आवाजाचे चढउतार सगळे पहिल्यासारखेच, त्यामुळे शेजारच्या खोलीतून ऐकलं तर वाटावं हे कुणाशी तरी भांडतायत. आत गेलं की दिसायचं, घाम फुटलेला आणि डोळ्यांत पाणी.

बोलण्याचे व्यायाम शिकवायला एक ताई होत्या. नल्लकुंट्यातल्या आमच्या घरापासून रिक्षाने जवळच त्यांचं केंद्र. त्यांनीच सुचवलं की फोनमध्ये एक ॲप घ्या, चित्रावर बोट ठेवलं की फोन बोलतो. माझ्या लेकीने तिथल्या तिथे फोनमधल्याच कंपनीच्या अधिकृत ॲप-दुकानातून ते उतरवलं. मराठी निवडली. ह्यांनी ग्लासच्या चित्रावर बोट ठेवलं आणि एक बाई बातम्या दिल्यासारखी म्हणाली, "कृपया मला पिण्याचे पाणी द्या."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुन्हा बोट ठेवलं. बाई पुन्हा तेच म्हणाली. आयुष्यात ह्यांनी कुणाला 'कृपया' म्हटलं नव्हतं, मला तर नाहीच.

तेही मी सोसलं असतं. पण दर चार-सहा शब्दांनी मध्ये जाहिरात यायची. एका दुपारी ह्यांना संडासला जायचं होतं. त्यांनी चित्र दाबलं, आणि पडद्यावर एक हसरा नट येऊन पत्त्यांचा खेळ खेळायला बोलावू लागला. ती जाहिरात बंद करायची फुली कोपऱ्यात, मुंगीएवढी. ह्यांच्या बोटाला ती सापडेना. नटाचं बोलून होईपर्यंत व्हायचं ते झालं. मी चादर बदलली, ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि फोन पलंगाखाली टाकून दिला.

हे ॲप तपासून, पारखून, सुरक्षित म्हणून शिक्का मारून त्या दुकानात मांडलेलं होतं. पुढे जे झालं ते सांगताना माझी जीभ कडू होते, त्याचं कारण ती दुपार आहे.

माझी धाकटी बहीण विद्यानगरला एकटी राहते. दुसऱ्यांनी केलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं ही तिची नोकरी. स्वभावही त्याच नोकरीला शोभेल असा. रविवारी आली की ती ह्यांच्याजवळ बसायची, पेपर वाचून दाखवायची आणि प्रत्येक बातमीवर शिव्या द्यायची. ह्यांना ते आवडायचं. चादरीची गोष्ट मी तिला स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितली. निघताना चपला घालता घालता म्हणाली, "अक्का, दाजी व्हॉट्सॲपवर बोलून निरोप पाठवायचे ना? ते सगळे मला पाहिजेत."

हे कधी टाइप करत नसत. माइक दाबायचा आणि बोलत सुटायचं. आमच्या घरच्या ग्रुपवर ह्यांचा निरोप आला की सगळे कपाळाला हात लावायचे आणि दुप्पट वेगाने ऐकायचे. आता बहिणीने सगळ्यांकडून ते मागवले. माझ्याकडचे, लेकीकडचे, पुतण्यांकडचे, दुकानाच्या जुन्या मिस्त्रींकडचे. लोकांनी पुसून टाकलेले असतील अशी मला भीती होती. पण आपल्या लोकांचा आळस कधी कधी कामाला येतो, कुणी काही पुसलेलं नव्हतं. संध्याकाळी कामावरून आल्यावर ती ते ऐकत बसायची आणि एकेक शब्द, एकेक वाक्य वेगळं काढायची. एकदा फोनवर मला म्हणाली, "अक्का, तुझा नवरा 'जेवायला वाढ' हे कधीच सरळ म्हणाला नाही गं. 'काय बेत आहे' म्हणतो, नाहीतर 'भूक मेली' म्हणतो."

"मग 'भूक मेली' घाल," मी म्हटलं.

महिनाभराने ती ॲप घेऊन आली. पडद्यावर मोठे मोठे चौकोन, आणि त्यांत आमच्याच घरातले फोटो. आमचा स्टीलचा पेला, आमचा पंखा, गॅलरीतली खुर्ची, माझा फोटो. तिने ते ह्यांच्या जुन्या, साध्या फोनवर चढवायला घेतलं तर फोनने आधी इशारा दिला, की हे अनोळखी ठिकाणाहून आलेलं आहे, याने अपाय होऊ शकतो. तिने तो इशारा ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला. "बघा दाजी, मी अनोळखी. तो पत्तेवाला नट तुमच्या ओळखीचा." मग 'तरीही चालेल' असं दाबून तिने ॲप चढवलं.

मी आत आमटीला फोडणी देत होते. बाहेरून आवाज आला, "अगं ए, ऐक की!"

"आले," मी म्हटलं आणि गॅस बारीक केला. दारापर्यंत गेले तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. हे खुर्चीत बसले होते, बोट माझ्या फोटोवर. बहीण खाली बघत होती. ह्यांनी पुन्हा दाबलं, "अगं ए, ऐक की!" आणि हसले. मी रडले तर ह्यांनी आणखी दाबलं. शेवटी मला म्हणावं लागलं, की पुरे आता, डोकं उठलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको जे म्हणते तेच मी म्हटलं, आणि ह्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की मी नेमकं हेच म्हणावं अशी त्यांची इच्छा होती.

ते तीन-चार महिने बरे गेले. हे माझ्या फोनवरून मिस्त्रींना फोन लावायचे आणि त्यासमोर आपल्या फोनवरचे चौकोन दाबायचे, आणि पलीकडचा मिस्त्री ओरडायचा, "सेठ, आप बोल रहे?" दुकान पुतण्याकडे दिलं होतं, त्याला हे रोज 'हिशेब नीट ठेव' दाबायचे. तोही पहिल्यासारखाच वैतागायचा.

मग ह्यांचा वाढदिवस आला, आणि जावयांनी भेट आणली.

आमचे जावई पुण्याचे. हैदराबादच्या पश्चिमेला, काचेच्या इमारतींच्या भागात, मोठ्या कंपनीत आहेत. कोंडापूरला फ्लॅट आहे. माणूस सभ्य आहे, आवाज चढवत नाही, ताटातलं सगळं संपवतो. ह्यांचा जुना फोन फुगला होता, पडद्याला तडा गेला होता. जावयांनी महागातला, नाव घेतलं की लोक माना डोलावतात असा फोन आणला. म्हणाले, "बाबा, सगळं आपोआप नव्यात येतं, तुम्हाला काही करावं लागत नाही." आणि खरंच सगळं आलं. सुप्रभातची चित्रं आली, कुणाच्या तरी बारशाचे अंधुक फोटो आले, पत्त्यांच्या खेळाची जाहिरात करणारं ते पहिलं ॲपही आलं. बहिणीचं तेवढं आलं नाही.

"ते अधिकृत नव्हतं ना आई," जावई म्हणाले. "ह्या फोनवर दुकानाबाहेरचं काही चालत नाही. खूप सुरक्षित असतो हा."

"मग जुना फोन ठेवा इथेच," मी म्हटलं.

पण जुना फोन ते पडदा दुरुस्त करायला म्हणून आदल्या दिवशीच घेऊन गेले होते, आणि नवा घेताना तो दुकानात देऊन टाकला होता. आतलं सगळं आधी घरी उतरवून घेतलं आणि मग पुसून, व्यवस्थित दिला. व्यवस्थित हा त्यांचा आवडता शब्द.

पुढच्या रविवारी जावई आणि लेक जेवायला आले होते, आणि बहीणही आली. वरणभात होईपर्यंत कुणी विषय काढला नाही. मग जावयांनीच काढला. "मावशी, तुम्ही केलंत ते चांगलंच होतं. पण नियमाला कारण असतं. इथल्या खालच्या मजल्यावरच्या काकांचं माहितीय ना?"

ते आम्हाला माहीत होतं. खालच्या काकांना व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका म्हणून काहीतरी आलं, त्यांनी ते दाबलं, आणि फोन दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात गेला. त्यांच्या नावाने सगळ्या नातेवाइकांना तीच पत्रिका गेली, आणि त्यातल्या निम्म्यांनी दाबली. काका पुढे बरेच दिवस लग्नकार्याला जायचे बंद झाले. हे खोटं नव्हतं, आणि मला मान्य आहे की मीही ती पत्रिका दाबली असती.

"म्हणून सरसकट बंद करावं लागतं," जावई म्हणाले. "लोकांना कळत नाही काय दाबावं. कंपनी तुमच्या भल्यासाठीच करते."

बहिणीने हातातला घास ताटात ठेवला. "चोराने पत्रिका पाठवली तर चोराला धरा. धरणं जमत नाही म्हणून माझ्या दाजींच्या तोंडावर हात ठेवायचा, आणि त्याला भलं म्हणायचं?"

"तसं नाही मावशी. तुम्ही ते रीतसर दुकानात द्या. ते तपासतील, ठेवतील."

"आणि फोन कुणाचा आहे?"

"म्हणजे?"

"तुम्ही पैसे दिलेत. ह्यांच्या हातात आहे. मग तो फोन कुणाचा आहे, एवढंच सांगा."

जावई हसले. पुण्याच्या माणसाला उत्तर द्यायचं नसलं की तो जसा हसतो तसं. लेकीने घाईघाईने ताक वाढलं. हे एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होते आणि "ता" एवढंही म्हणत नव्हते.

बहिणीने रीतसर केलं. त्या दुकानात ॲप ठेवायची वर्षाची फी भरली, मला कळू दिलं नाही. ॲप पाठवलं. काही दिवसांनी उत्तर आलं. ते इंग्रजीत होतं, तिने मला मराठीत सांगितलं. ॲपमध्ये दोष काही नव्हता. फक्त त्याचा उपयोग फार थोड्या लोकांना आहे असं कंपनीचं म्हणणं पडलं, तेव्हा अधिक लोकांना उपयोगी होईल असं काहीतरी करून पुन्हा पाठवावं.

"अधिक लोकांना म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे आणखी चार जणांची वाचा जाईपर्यंत थांबायचं, आणि त्या चौघांचा आवाज दाजींसारखा असला पाहिजे," ती म्हणाली.

मला ती भाषा ओळखीची वाटली. मी टेलिफोन खात्यात नोकरी केली, ट्रंक कॉल जोडायचे. तेव्हा घरातला काळा फोन खात्याचा असायचा. भाडं तुम्ही भरायचं, धूळ तुम्ही पुसायची, पण त्याला बाहेरचं काही जोडलंत तर गुन्हा. आमच्याकडे एक साहेब होते. कुणी म्हातारी आई वरच्या मजल्यावर झोपते म्हणून आपल्याच हाताने दुसरा फोन जोडला की ते स्वतः जाऊन वायर कापून यायचे, आणि म्हणायचे, लाइनच्या सुरक्षिततेसाठी आहे. तेव्हा लोक आम्हाला सरकारी म्हणून तोंडावर शिव्या घालायचे, आणि आम्ही त्या ऐकून घ्यायचो, कारण शिव्या द्यायला समोर निदान एक खिडकी होती. आता तोच साहेब मऊ आवाजात इंग्रजी बोलतो, कुठे बसतो ते कळत नाही, आणि त्याचा फोन घ्यायला लोक रांगा लावतात.

बहिणीने मधली वाट काढली. ॲप बनवणाऱ्याला ते स्वतःच्या फोनवर वापरून बघायची सवलत असते, पण ती आठवड्यापुरती. आठवडा झाला की ॲप मरतं. मग पुन्हा लॅपटॉपला फोन जोडायचा आणि पुन्हा चढवायचं. फी भरली होती, त्यामुळे मुदत मोठी मिळायला हवी होती, पण ह्यांचा फोन जावयांच्या नावावर बांधलेला होता, आणि तिथे काहीतरी अडायचं. ते काय ते मला आजही कळलेलं नाही. बहिणीलाही पूर्ण कळलं नाही, आणि तिला न कळणं म्हणजे काय ते मी जाणते. ती दर रविवारी लॅपटॉप घेऊन यायची. हे शनिवारपासून फोन जपून वापरायचे, जसं काही शब्द वापरून संपतायत. मी सांगून थकले की तसं नसतं. पण शब्द संपताना ज्याने एकदा पाहिलंय त्याला कसं पटवायचं?

त्याच सुमारास जावयांचे आईवडील पुण्याहून आले आणि कोंडापूरला आमचं जेवण ठरलं. ह्यांनी बहिणीला मुद्दाम एक चौकोन करायला लावला होता. लेकीचं लग्न ठरवायला आम्ही पुण्याला गेलो होतो तेव्हा परतीच्या गाडीतून ह्यांनी बहिणीला निरोप पाठवला होता, "लोकं झकास आहेत, पण चाय मागितली की आधी घड्याळ बघतात." ते वाक्य ह्यांना व्याह्यांसमोर दाबायचं होतं. व्याही थट्टेखोर आहेत, ते हसले असते आणि उलट काहीतरी बोलले असते. दोघांची तशीच गट्टी होती. हे आठवडाभर ते वाक्य घरात दाबून बघत होते, आणि मी सांगत होते की अती करू नका, जावयाचं घर आहे.

त्या रविवारी बहिणीला कंपनीच्या कामासाठी बंगळूरला जावं लागलं. तिने आदल्या दिवशी येऊन ॲप चढवलं होतं. निदान तिला तसं वाटलं.

जेवणं झाली. विहीणबाईंनी माझ्या बोलण्याचं कौतुक केलं. "तुमच्याकडची मराठी किती गोड असते, नाही? थोडी मिश्र, पण गोड." मी म्हटलं, हो. मग व्याह्यांनी खुर्ची ह्यांच्याजवळ ओढली आणि म्हणाले, "काय मालक, आमची आठवण काढता की नाही?"

ह्यांचे डोळे चमकले. खिशातून फोन काढला, टेबलावर ठेवला, सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि चौकोनावर बोट टेकवायला गेले. ॲप उघडलंच नाही. पडद्यावर एक ओळ आली, की हे ॲप आता उपलब्ध नाही.

ह्यांनी ती ओळ बाजूला केली आणि पुन्हा दाबलं. पुन्हा तीच ओळ. तिसऱ्यांदा दाबलं. सगळे थांबले होते, व्याही पुढे वाकले होते, चेहऱ्यावर हसू तयार ठेवून. ह्यांनी तोंड उघडलं. "ता," ते म्हणाले. "ता… ता."

"राहू द्या, राहू द्या," व्याही हळू आवाजात म्हणाले आणि ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "दमू नका तुम्ही."

त्यांचा काही दोष नव्हता. पण ज्या माणसाशी बरोबरीने थट्टा करायची, त्याने आजाऱ्याला म्हणावं तसं 'दमू नका' म्हणावं, हे ह्यांना जेवढं लागलं तेवढा तो अर्धांगाचा झटकाही लागला नसेल. ह्यांनी फोन उचलला आणि टेबलावरून जावयांकडे सरकवला. जोरात नाही. दुकानात खराब माल कंपनीच्या माणसाला परत करायचे तसा.

जावयांनी बघितलं. "काल चढवलेलं फोनने धरलेलंच नाही. मुदत संपलीय ह्याची," ते म्हणाले.

"कुणाची?" मी विचारलं.

त्यांनी मान वर केली.

"मुदत कुणाची संपली म्हणालात, जावईबापू? हे तर इथेच बसलेत."

लेक म्हणाली, "आई, प्लीज." विहीणबाई टेबलावरची भांडी उचलून आत गेल्या. जावई फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा कान लाल झाले होते. त्यांनी कंपनीच्या मदतीच्या नंबरवर बोलून पाहिलं होतं. तिकडच्या मुलीने आधी त्यांचं समाधान झालं का ते विचारलं, आणि मग सांगितलं की अधिकृत दुकानात अशी बोलणारी पुष्कळ ॲप आहेत, त्यांतलं एखादं बघा. जावयांनी हे आम्हाला शब्दशः सांगितलं. त्यांनी लपवलं नाही, एवढं मी त्यांच्या बाजूने मांडते.

परतताना गाडीत हे खिडकीकडे तोंड करून बसले. घर येईपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. तो महागाचा फोन त्यांनी माझ्या हातात दिला आणि बाहेर बोट दाखवलं. मला कळलं. आम्ही रिक्षाने आबिड्सकडे जुन्या फोनच्या बाजारात गेलो. ह्यांनी हातवारे करून, फोन उलटेपालटे करून, दुकानदाराच्या चेहऱ्याकडे संशयाने बघत, एक जुना, साधा, जाडसर फोन निवडला. दुकानदार मला विचारत होता, "अम्मा, उनकू क्या होना?" मी म्हटलं, ज्यात बाहेरचं ॲप चढतं असा कुठलाही. तो म्हणाला, "उसमें क्या है, ये सब में चढ़ता." त्याला त्यात विशेष काहीच वाटलं नाही. बहीण बंगळूरहून परस्पर आमच्याकडेच आली आणि बॅग दारात ठेवून आधी ॲप चढवलं.

महागाचा फोन मी जावयांना परत केला. त्यांनी घेतला. म्हणाले, "धोरण कंपनीचं असतं आई, मी काय करणार." मी म्हटलं, तुम्ही काही करू नका, फक्त ह्यापुढे 'भल्यासाठी' हा शब्द माझ्या घरात वापरू नका. तेव्हापासून त्यांनी वापरलेला नाही.

व्यायाम शिकवणाऱ्या ताईंच्या केंद्रात ह्यांचं ॲप बघून लोक जवळ यायला लागले. मलकपेटहून एक मुलगी आपल्या अम्मीला घेऊन यायची. अम्मींनी कधी निरोप बोलून पाठवलेले नव्हते, म्हणून बहिणीने अम्मींच्या सख्ख्या बहिणीचा आवाज घेतला. तो ऐकून अम्मी पहिल्यांदा रुसल्या, कारण त्या बहिणीशी त्यांचं पटत नव्हतं. मग वापरायला लागल्या. एका तेलुगू गृहस्थांसाठीही बहिणीने केलं. केंद्राच्या व्यवस्थापकांना ते पसंत नव्हतं. अधिकृत नाही, उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची, वगैरे. ताई त्यांच्यासमोर "हो सर" म्हणायच्या आणि ते गेले की आम्हाला आत बोलवायच्या.

आता ऐकते की ह्या साध्या फोनांनाही नवा नियम लागणार. ॲप कुठूनही आलेलं असो, बनवणाऱ्याने आधी आपलं नाव, पत्ता, ओळखपत्र फोनवाल्यांकडे नोंदवलं पाहिजे. बहीण म्हणाली होती की मेले तरी नोंदवणार नाही. "माझ्या दाजींनी पाणी मागावं म्हणून मी समुद्रापलीकडच्या कुणाला ओळखपत्र दाखवायचं?" मग मलकपेटच्या मुलीचा फोन आला. "आंटी, अम्मी का बंद तो नहीं होता ना?" बहीण म्हणाली, नाही होणार. त्या संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून तिने नोंदणी केली. दोनदा फोटो नाकारला गेला, तिसऱ्यांदा घेतला. लॅपटॉप मिटताना म्हणाली, "आज नोंदवून घेतलं. उद्या वाटलं तर खोडतीलही, आणि वर लिहितील तुमच्या सुरक्षिततेसाठी." मी तिच्यासाठी चहा टाकला.

ती चिंता तिच्या डोक्यात आहे, माझ्याही. ह्यांनी ती घेतलेली दिसत नाही. गेल्या आठवड्यात आम्ही नल्लकुंट्याच्या भाजीबाजारात गेलो. हे बाजारात फोन गळ्यात अडकवून हिंडतात. कोथिंबीर विकणाऱ्या बाईसमोर थांबून त्यांनी एक चौकोन दाबला. "एंता?" ह्यांच्या आवाजात फोनने भाव विचारला. बाईने भाव सांगितला. ह्यांनी दुसरा चौकोन दाबला, "अरे, लुटतेस का!" तिला मराठी कळली नसणार, पण सूर कळला. ती फोनकडे न बघता ह्यांच्या तोंडाकडे बघून तेलुगूत तावातावाने बोलायला लागली. पाऊस नाही, गाडीभाडं वाढलंय, घ्यायची तर घ्या नाहीतर पुढे व्हा. हे चौकोनामागून चौकोन दाबत होते, ती बोलत होती, मागे दोन बायका ताटकळत उभ्या होत्या. भाव तिने एका पैशानेही कमी केला नाही. आम्ही त्याच भावात जुडी घेतली आणि घरी आलो.